आधी थोरलीनं पेरायचं

“पण मावशी, तुमच्या घरावर पत्रे आहेत,” हातात टॅब धरलेली पोरगी म्हणाली.

“पत्रे आहेत म्हणजे मी गुन्हा केला का?”

“गुन्हा नाही हो. आमच्या संस्थेचा नियम आहे. ज्यांचं छप्पर गवताचं, त्यांनाच पैसे मिळतात.”

पेनिनानं तिचा दंड धरला आणि तिला घरात नेलं. “वर बघ. इथे बघ, आणि त्या कोपऱ्यात. गंजून चाळण झालीय. माझ्या छपरापेक्षा शाकारलेलं छप्पर बरं.”

पोरगीनं मान वर करून पाहिलं. भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती उगाचच जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “गंजले तरी पत्रेच ना मावशी,” आणि अंगण ओलांडून दोर्काच्या दाराशी गेली. तिथे तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. गवताची झालर तिच्या कपाळालाच लागली.

फाटकातून आत आलं की समोर थोरलीचं घर, उजव्या हाताला धाकटीचं. तसा त्या मुलखातला रिवाजच. पेनिना ओंदितीची थोरली बायको. थोरलीला तिथे मिकाई म्हणतात, आणि धाकटी तिला त्याच नावानं हाक मारी; नवरा आणि शेजारी परगावी असलेल्या मुलाच्या नावावरून ओबुराची आई म्हणत. दोर्का धाकटी, पेनिनापेक्षा सतरा वर्षांनी लहान.

ते पत्रे पेनिनानं स्वतः घातले होते. सरोवराकाठी कोळ्यांकडून सुकी मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर ठेवायची आणि बोंडोच्या बाजारापर्यंत चार तास चालायचं. अशी ती बारा वर्षं चालली. टाळूवरचे केस टोपलीच्या बुडाखाली झिजून गेले ते परत उगवले नाहीत. कधी दोन पत्रे, कधी तीन, एका वर्षी एकही नाही, असं करत घर पुरं झालं. आणि ज्या वर्षी ते पुरं झालं त्याच वर्षी ओंदितीनं दोर्काला आणलं. “तुझं सगळं झालं की आता,” तो म्हणाला होता. जणू पत्रे म्हणजे पेनिनाचा हिशेब चुकता झाल्याची पावती होती.

दोर्कानं कधी टोपली उचलली नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात रोजानं खुरपायला जाई, गाणी म्हणे, हसे, आणि उशिरा का होईना, लागोपाठ पाच मुली तिला झाल्या. पाऊस लागला की तिच्या घरात भांडी सरकवल्याचे आवाज येत. इथली गळती धर, तिथली धर. पेनिना आपल्या कोरड्या घरात पडून ते आवाज ऐके. खोटं कशाला बोला, त्या आवाजांनी तिला छान झोप लागायची.

आणि आता त्याच गळक्या छपरासाठी दोर्काला पैसे मिळणार होते.

गावात तेव्हा नाना गोष्टी उठल्या होत्या. फुकट पैसे कोण देतं? हे सैतानाच्या भक्तांचे पैसे आहेत, घेणाऱ्याच्या घरी मोठा साप येऊन राहतो, पोरांचा बळी मागतो. पेनिनाचा त्यावर विश्वास नव्हता. तरी ती विहिरीवर दोर्काला गाठून म्हणाली, “मी ऐकलंय ते तुला सांगणं माझं काम. पाच पोरी आहेत तुला. साप आला तर काय करशील?”

दोर्कानं घडा भरून घेतला. तिचा चेहरा गंभीर होता. मग ती म्हणाली, “यायचा तर येऊ दे मिकाई. छपराच्या गवतात दोन आहेतच. तिसऱ्याला जागा करतील.”

विहिरीवरच्या बायका इतक्या हसल्या की एकीचा घडा फुटला. पेनिनाही हसली. हसावंच लागलं.

जुलैत पैसे आले, सप्टेंबरात पुन्हा आले. दोर्काच्या नव्या फोनवर निरोप आला, तेव्हा तिच्या थोरल्या मुलीनं, अगोलानं, तो अंगणात मोठ्यानं वाचला. ओंदिती लगबगीनं उठला, पुन्हा बसला आणि पुन्हा उठला. इतके शिलिंग त्यानं उभ्या जन्मात एकदम पाहिले नव्हते.

“बैल घेऊ,” तो म्हणाला.

“बैल नाही,” दोर्का म्हणाली. “आधी छप्पर. मग कालवड. उरलं तर अगोलाची शाळा.”

पेनिना आपल्या दारात शेंगा सोलत बसली होती. तिच्या कानांवर विश्वास बसेना. ओंदितीला “नाही” म्हणायला तिला स्वतःला वीस वर्षं लागली होती. आणि ओंदिती चिडला नाही. “बरं, छप्पर तर छप्पर,” म्हणाला, आणि स्वतः सुतार शोधायला गेला.

पत्रे तीन दिवसांत चढले. बारा वर्षं आणि तीन दिवस. पेनिनानं हातोड्याचा एकेक ठोका ऐकला. शेजारची सेलिना मुद्दाम बघायला आली. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“ओबुराच्या आई, तुझ्या सवतीचे पत्रे काय चमकतात गं! माझे कोंबडे दुपारी बांग द्यायला लागलेत, त्यांना वाटतं पुन्हा उजाडलं.”

“कोंबडेच ते,” पेनिना म्हणाली. “त्यांना काय अक्कल.”

पण पत्र्यांनी तिला जितकं जाळलं नाही, तितकं दुसऱ्या एका गोष्टीनं जाळलं. दोर्का आता तिच्या दारी येईना. पूर्वी रोज काही ना काही मागायला यायची. चिमूटभर मीठ, पेटता निखारा, कुदळ, उपासमारीच्या दिवसांत वाडगाभर पीठ. पेनिना द्यायची, पण दोन शब्द ऐकवून द्यायची. “गाणी म्हणून पोट भरत नसतं,” असं काहीतरी. दोर्का मान खाली घालून घ्यायची. तो पेनिनाचा रोजचा मान होता. तो कधी बंद पडेल असं पेनिनाला वाटलंच नव्हतं. आता दोर्काकडे मिठाचं अख्खं पाकीट होतं, नवी कुदळ होती आणि कोठीत मका होता. ती वाईट वागत नव्हती. जाता येता विचारपूस करायची. फक्त तिला काही लागत नव्हतं.

शेतातही तेच. आधी खुरपणीच्या ऐन दिवसांत दोर्का पोटासाठी दुसऱ्यांचं शेत खुरपायची आणि तिचं स्वतःचं तणात बुडायचं. त्या सप्टेंबरच्या हंगामात ती कुणाकडे गेली नाही. आपलंच शेत दोनदा खुरपलं. नोव्हेंबरात तिचा मका पेनिनाच्या मक्यापेक्षा हातभर उंच होता. मधे एक अरुंद बांध. बांधाच्या एका बाजूला गर्द हिरवा, दुसऱ्या बाजूला पिवळट. आंधळ्यालाही कळावं.

आणि ओंदिती. सडसष्ट वर्षांचा तो, गुडघे दुखणारा. एक दिवस थोरलीकडे, एक दिवस धाकटीकडे जेवायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. गाभण कालवड आली, व्याली, आणि दोर्काकडे दुधाचा चहा व्हायला लागला. मग म्हाताऱ्याला पेनिनाचा दिवस आठवेना.

“आज तुमचं माझ्याकडे होतं,” एकदा तिनं अंगणातच त्याला सुनावलं.

“हो का? मला वाटलं उद्या.”

“उद्याही माझ्याकडेच समजा. मागचे चार बाकी आहेत.”

तो आला, जेवला. मक्याच्या पिठाची उगाली मोडताना दोनदा चहाबद्दल बोलला. तिनं कोरा चहा पुढे ठेवला. त्यानं तो निमूट प्यायला, आणि तो निमूटपणाच तिला जास्त लागला.

तिथे पेरणीचे पाऊस दोन; त्यांतला मोठा मार्चमध्ये लागला. सगळ्या गावानं कुदळी उचलल्या. दोर्कानं बोंडोहून संकरित बियाणं आणलं होतं, खताची गोणी आणली होती. ओळी आखून झाल्या होत्या. पण ती बी टोकू शकत नव्हती. त्या घरांत पहिलं बी थोरलीनंच टाकायचं असतं. पेरणीच्या आदल्या रात्री नवऱ्यानं थोरलीच्या घरी राहायचं, सकाळी तिनं आपल्या शेतात पहिली ओळ लावायची, मगच धाकटीनं हात लावायचा. क्रम मोडला तर घरावर अरिष्ट येतं. माणसं जातात. त्यावर मात्र कुणी विनोद करत नसे.

तिन्हीसांजेला ओंदिती काठी टेकत आला, खांद्यावर घोंगडी. दाराशी खाकरला.

पेनिनानं त्याच्याकडे पाहिलं. पाच महिने हा माणूस इथे रात्रीचा टेकला नव्हता. आज आला होता. बायकोसाठी नाही, बियाण्यासाठी. आणि तेही दुसरीच्या बियाण्यासाठी.

“पाठ धरलीय माझी,” ती म्हणाली. “वाकता येत नाही. बरं वाटलं की पेरू.”

“पाऊस झालाय, ओबुराच्या आई.”

“मला दिसतं. पत्र्यांतून गळतोय ना घरात.”

 तो घोंगडी सावरत उजव्या हाताच्या घराकडे वळला.

असे तीन दिवस गेले, मग पाच. गावात सगळ्यांच्या पेरण्या झाल्या. सेलिना विचारून गेली, “पाठ कशी आहे गं?” आणि तिच्या डोळ्यांत हसू होतं. ओंदितीनं आपल्या भावाला बोलावून आणलं. त्यानं समजावलं. पेनिना कण्हत कण्हत उठली, कण्हत त्याच्यापुढे शेंगदाणे ठेवले आणि कण्हत पुन्हा आडवी झाली.

पडल्या पडल्या ती कान देऊन असायची. तिला वाटायचं, आज दोर्का भांडायला येईल. येऊन शिव्या देईल, म्हणजे आपल्यालाही देता येतील, सगळं मनातलं ओकता येईल. किंवा दोर्का चोरून पेरेल. पहाटे, कुणी नसताना. मग आपण उठायचं, बांधावर उभं राहायचं आणि गावाला हाक मारायची, बघा, पैसे आले की माणूस काय करतं ते बघा. ती रोज पहाटे दाराच्या फटीतून दोर्काच्या शेताकडे बघायची. तिथे काळी माती, आखलेल्या ओळी आणि वर आलेलं तण. बाकी काही नाही.

नवव्या दिवशी शेजाऱ्यांचा मका दोन पानांवर आला.

दहाव्या दिवशी सकाळी दोर्का आली. हातात गरम पाण्याचं भांडं, फडकं आणि दुकानातलं पाठीला चोळायचं मलम.

“पालथ्या व्हा मिकाई,” ती म्हणाली. “दहा दिवस झाले. अशानं पाठ कायमची जायची.”

“असू दे. होईल बरी.”

“व्हा म्हणते ना.”

पेनिना पालथी झाली. दोर्कानं गरम फडकं ठेवलं, मग मलम लावून चोळायला लागली. तिचे हात कुदळीनं घट्टे पडलेले, पण हलके होते. पेनिनाच्या पाठीला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

“इथे दुखतं?”

“हां, तिथेच.”

दोर्का बोटं खाली घेऊन गेली. “का इथे?”

“तिथेच. तिथे फार.”

बोटं डाव्या बाजूला सरकली. “आणि इथे?”

“हो. तिथेच दुखतं.”

बोटं थांबली.  आपण काय बोललो ते पेनिनाच्या ध्यानात आलं.  बाहेर दोर्काची गाय हंबरली. मग बोटं पुन्हा चालायला लागली, तितकीच हळू, खांद्यापासून कमरेपर्यंत, जिथे दुखत नव्हतं त्या सगळ्या पाठीवरून. दोर्कानं मलम पुरं जिरेपर्यंत चोळलं. पेनिनाच्या अंगावर कापड ओढलं.

दाराशी जाऊन ती म्हणाली, “बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. तुमच्या आधी मी एक दाणा कधी मातीत टाकला नाही. या वर्षीही टाकणार नाही. बी पोत्यात कुजलं तरी नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता. ती गेली.

पेनिना तशीच पालथी पडून राहिली. तिला राग आला होता, भयंकर राग. भांडली असती तर काय बिघडलं असतं? पाय आपटले असते, ‘खोटारडी’ म्हणाली असती, तर दोघी एका पायरीवर आल्या असत्या. आता हिच्याकडे छप्परही आहे, गायही आहे, म्हातारा आहे, आणि वर मोठं मनही! एवढं एक तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ती उशीत तोंड खुपसून रडली. दोर्कानं दोन वर्षांपूर्वी गवत भरून शिवलेली ती उशी होती, हेही तिला रडता रडताच आठवलं, आणि ती आणखी चिडली.

संध्याकाळी तिनं अगोलाला हाक मारली. “जा गं, म्हाताऱ्याला सांग, मिकाईनं बोलावलंय. घोंगडी घेऊन ये म्हणावं.”

अगोला पळाली.

सकाळी पेनिनानं आपलं बियाणं काढलं. गेल्या वर्षीची कणसं चुलीवर टांगून राखलेली, त्यांतल्या बऱ्याच दाण्यांना सोंडे लागले होते. शेताच्या टोकाशी वाडग्याएवढ्या टोपलीत संकरित बी ठेवलेलं होतं. गुलाबी औषध लावलेलं. कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. पेनिना त्याला ओलांडून गेली. तिनं आपल्या बियाण्यातले भोकं पडलेले दाणे निवडून टाकले, कुदळीनं खळगा केला, दोन दाणे टाकले, पायानं माती लोटली. पाठ खरोखरच दुखायला लागली होती. दहा दिवस अंथरुणावर पडल्यावर दुखणारच.

पहिली ओळ संपली तेव्हा तिनं वळून पाहिलं. बांधापलीकडे दोर्का, पाच मुली आणि ओंदिती रांगेनं उभे होते. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं हात हलवला, माशी वारावी तसा. कुदळी खाली आल्या. दोर्का खळगे करत होती, अगोला सोड्याच्या बाटलीच्या झाकणानं मापून खत टाकत होती, आणि ज्या ओंदितीनं दहा वर्षांत कुदळ धरली नव्हती, तो वाकून दाणे टाकत होता. पेनिनानं तोंड फिरवलं आणि दुसरी ओळ धरली.

त्या वर्षी पाऊस जूनच्या सुरुवातीलाच गेला. ज्यांनी वेळेवर पेरलं त्यांची कणसं तोवर भरली होती. दोर्काचा मका उंच झाला, जाड ताटांचा झाला, पण शेताच्या वरच्या पट्टीतली कणसं अर्धीच भरली. बुंध्याकडे टपोरे दाणे आणि शेंड्याकडे रिकामं. तरी पोटाला पुरेल आणि थोडा विकता येईल इतका तो झाला. पेनिनाचा नेहमीसारखाच, थोडका.

ऑगस्टात अंगणात दोर्काच्या कणसांचा ढीग पडला. मुली शाळेत गेल्या होत्या. पेनिना आपलं स्टूल घेऊन आली आणि न विचारता ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसून दाणे सोलायला लागली. दोर्कानं एकदा पाहिलं आणि तिच्याकडे टोपली सरकवली.

सेलिना फाटकातून आत आली. तिनं ढिगातलं एक कणीस उचलून फिरवून पाहिलं. “एवढं खत घातलंस, एवढं महागाचं बी आणलंस, आणि हे काय गं, अर्धं टकलं?”

“पाऊस लवकर गेला,” दोर्का म्हणाली.

“माझ्या मक्याला नाही गेला.”

“तुझ्यावर देवाचा जास्त जीव.”

सेलिना हसली. पेनिना सोलत होती. दाणे तिच्या अंगठ्याखालून टोपलीत पडत होते. तिला गप्प बसता आलं असतं. दोर्कानं सोय करून ठेवलीच होती.

“पावसाचं काही नाही,” ती म्हणाली. “पेरणी उशिरा झाली. मी उशीर केला.”

“पाठीमुळे ना?” सेलिनानं डोळे बारीक केले.

“पाठीला काही झालं नव्हतं.”

सेलिनाचं तोंड उघडंच राहिलं. एवढी मोठी बातमी तिला अशी फुकट कधी मिळाली नव्हती. ती दोर्काकडे बघायला लागली, आता काय होतंय म्हणून. दोर्कानं हातातलं कणीस संपवलं, गाभा बाजूला फेकला आणि दुसरं घेतलं.

“सेलिना, बसणार असशील तर बस आणि सोल,” ती म्हणाली. “उभी राहून उजेड कशाला अडवतेस?”

सेलिना बसली नाही. तिला आता बऱ्याच घरी जायचं होतं. ती फाटकाबाहेर पडली. नव्या पत्र्यांवर ऊन तापलं होतं आणि त्याची तिरीप पेनिनाच्या डोळ्यांवर येत होती. आजही ती तिला सहन होत नव्हती. तिनं स्टूल थोडं फिरवलं.

मग ढिगात हात घालून तिनं अर्धवट भरलेली कणसं शोधायला सुरुवात केली. ती सोलायला अवघड असतात, दाणा घट्ट बसलेला असतो, अंगठा सोलवटून निघतो. एकेक काढून ती आपल्या पायाशी ठेवत गेली. भरलेली तिनं दोर्काच्या बाजूला ढकलली. दोर्कानं ते पाहिलं. भरलेलं कणीस उचलून ती सोलायला लागली.